दोनदा उकळलेल्या चादरी

आमच्या लॉन्ड्रीत चादर दोनदा उकळते. दारावरच्या पाटीवर तसं ठळक अक्षरात रंगवलंय आणि गिऱ्हाईकं त्यासाठीच येतात. बाकीचे लॉन्ड्रीवाले कपडा एकदा गरम पाण्यातून काढतात, काहीतरी सुवासिक फवारतात आणि मोकळे होतात. आमच्याकडे पहिल्या उकळीत डाग जातो आणि दुसऱ्या उकळीत, सासूबाईंच्या शब्दांत, 'जे दिसत नाही ते जातं'. गॅस किती जळतो म्हणून नवरा अधूनमधून कुरकुरतो, पण दुसरी उकळी बंद करू या असं तोंडातून काढायची त्याची छाती नाही.

कसं काढेल? दुसरी उकळी नसती तर तोही नसता, असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं. सासूबाईंची पहिली दोन बाळं गेली. एक पोटातच गेलं, दुसरं जन्मून थोडा वेळ धापा टाकून गेलं. तेव्हा लॉन्ड्री नवी होती, आता हयात नसलेले सासरे गाडी घेऊन गावोगावी कपडे पोचवायला जायचे आणि सासूबाई पोट सांभाळत लॉजच्या चादरींचे ढीग हाताने निवडायच्या. सासऱ्यांनीच निदान केलं. चादरीतून आलं म्हणाले, कुणाकुणाच्या अंगाखालच्या चादरी, त्यात काय असेल कोण जाणे. सासूबाईंना ते पटलं. त्यांनी चादरी दोनदा उकळायला घेतल्या आणि तिसऱ्या खेपेला हा झाला, लालबुंद, वजनदार, गळा काढून रडणारा. याच्यावर आणखी पुरावा तो कसला हवा?

हाच माझा नवरा. लॉन्ड्रीत सगळे त्याला कडक म्हणतात, कारण भर उकाड्यात वाफेच्या रोलरशी उभा असला तरी त्याच्या शर्टाची कॉलर मोडत नाही. मी आधी तिथेच निवडायच्या टेबलावर कामाला होते, लग्न नंतर झालं, म्हणून मला ठाऊक आहे की कडकपणा कॉलरपाशीच संपतो. त्याच्या खालचा माणूस मऊ. प्रेमळही आहे, ते नाकारणार नाही. पण आईने डोळे वटारले की त्याची घडी होते.

सासूबाईंची आणि माझी पहिल्यापासून गट्टी. मला दिवस गेले तेव्हा त्यांनी मला कवेत घेतलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या? "टेबलावरून उठ आता. मी बसते तिथे." मी हसण्यावारी नेलं. चार पैसे मिळवणाऱ्या हाताला बसून राहवत नाही, आणि मला तेव्हा चादरींची भीती नव्हती.

नाव घालायला आणि रक्त तपासायला दवाखान्यात गेले. पुढच्या खेपेला सिस्टरने मला आत घेतलं आणि दार लावलं. चांगली बातमी सांगायला कुणी दार लावून घेत नाही.

"तुमच्या रक्तात सिफिलिस निघालाय," सिस्टर म्हणाली. "जुनी माणसं गरमी म्हणायची. घाबरू नका, औषध आहे आणि पक्कं आहे. सुया घ्याव्या लागतील. पण वेळेत. नाहीतर बाळाला जातो."

"बाळाला जातो म्हणजे?"

सिस्टर अंगाने धिप्पाड, आवाजही तसाच. पण तो प्रश्न ऐकून तिने आवाज खाली आणला. "बाळ पोटात जाऊ शकतं. किंवा आजारी जन्मतं. आजार जुना झाला की कधी एखादं नीटही जन्मतं, पण त्यावर विसंबायचं नाही. म्हणून तर आपण सगळ्या गरोदर बायकांचं रक्त बघतो. तुमचं सापडलं, हे नशीब समजा."

"पण मला काही होतच नाहीये."

"पुष्कळ जणांना होत नाही. तोच याचा पाजीपणा."

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो घरचाच. "सिस्टर, चादरीतून येतो का हो? आमची लॉन्ड्री आहे."

"नाही. चादरीतून नाही, टॉवेलातून नाही, संडासातून नाही. अंगाबाहेर तो टिकतच नाही. संबंधातून येतो." जरा थांबून तिने विचारलं, "तुमच्या मिस्टरांना खाली कधी जखम, फोड, असं काही?"

"मागे झालं होतं. सोड्याने भाजलं होतं."

"सोड्याने?"

"कपड्यांना लागतो ना, कडक सोडा. पँटवर सांडला म्हणाला. काही दुखत नव्हतं, आपोआप भरून आलं."

बोलता बोलता माझं बोलणं माझ्याच कानावर पडलं. सोड्याने भाजल्यावर काय होतं ते माझ्या दोन्ही मनगटांना विचारा. रडवतो तो. न दुखणारा सोडा मी अजून पाहिलेला नाही.

सिस्टरला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. तिने मला पाणी दिलं, मग कमरेखाली ती जाड औषधाची सुई टोचली. पाय बधिर झाला. "अशा आणखी घ्यायच्यात, दर आठवड्याला येत जा," ती म्हणाली. "आणि मिस्टरांना घेऊन या. त्यांनाही लागतील. दोघांचंही पुरतं होईपर्यंत जवळ यायचं नाही. त्यांनी घेतली नाही तर तुम्ही घेतलेलं सगळं पाण्यात. हे मी कुणाला सांगणार नाही, तुमच्या सासूलाही नाही. ते तुमच्या हातात."

आमचं घर लॉन्ड्रीच्या वरच आहे. जिना चढताना प्रत्येक पायरीला मी वाक्य जुळवत होते. तो विचारील, कुणाकडून आलं; मग मी काय म्हणायचं, किती मोठ्याने म्हणायचं, सगळं ठरवून वर गेले. खोलीचं दार लावून त्याला सांगितलं. त्याने काहीच विचारलं नाही. नुसता पलंगाच्या कडेला बसला आणि गुडघ्यावरची इस्त्रीची रेघ बोटाने घासत राहिला. मला विचारलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं, पण मनाला जरा बरं वाटलं असतं. त्याचं न विचारणं हेच उत्तर होतं.

"कधी?" मी म्हटलं.

तो तोंड उघडणार एवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या, हातात टॉवेलांची चळत. आमची तोंडं बघून जागीच थबकल्या. "काय म्हणाला दवाखाना? अगं बोल ना, माझा जीव खालीवर होतोय."

"रक्तात दोष निघालाय, आई. बाळाला धोका आहे. सुया घ्यायला सांगितल्यात." एवढंच मी बोलले. बाकीचं त्याने बोलावं म्हणून त्याच्याकडे पाहिलं.

टॉवेल खाली पडले. "चादरी," सासूबाई म्हणाल्या. "मेल्या चादरी. मी सांगत होते, उठवा तिला टेबलावरून. सांगत होते की नाही?" आणि त्या रडायलाच लागल्या. त्यांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"हो आई," माझा नवरा म्हणाला. "चादरीच असणार."

हे तो आईला म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता. असे गयावया करणारे डोळे की मला त्याची कीव आली आणि कीव आल्याचा संतापही आला. मी मूग गिळून बसले.

का बसले? कारण मला त्या क्षणी सगळं दिसलं. चादरीतून येत नाही म्हटलं की त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य आलंच. मग सासूबाईंची दोन कशाने गेली? ते वाक्य बोलायची माझ्यात ताकद नव्हती. सगळा जन्म ही बाई आपल्या दोन बाळांसाठी आग पेटवत होती. हात सोलून निघाले होते तिचे. आणि मी तिला सांगायचं, बाई, तुमचा नवरा होता तो?

दुसऱ्या दिवसापासून लॉन्ड्रीत माझी बदली झाली. आमच्याकडे फरशीवर पिवळी रेघ मारलीय. रेघेच्या अलीकडे मळकी बाजू: गाठोडी, निवडायचं टेबल, उकळायचे हंडे. पलीकडे धुतली बाजू: रोलर, घड्या, फडताळं. मळकीकडचा एप्रन घालून कुणी धुतलीकडे पाऊल टाकायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. त्यांनी स्वतः तो कधी मोडला नव्हता. मला त्यांनी रेघेपलीकडे घड्यांवर बसवलं आणि टेबलाचं काम स्वतः घेतलं. शिवाय चादरी आता तीनदा उकळायला लागल्या. शेवटी लॉजवाला येऊन हात जोडून म्हणाला, "बाई, चादरीतून गादीवरची फुलं दिसायला लागली, आता पुरे करा." सासूबाईंनी त्याला असं झापलं की बिचारा मागच्या मागे गेला. मी हसले, पण ते हसू टिकलं नाही.

कारण सगळे माझी काळजी घेत होते आणि जे करायचं तेवढंच कुणी करत नव्हतं.

"चल," मी नवऱ्याला रोज म्हणायची.

"मला काही झालंय का? बघ, धडधाकट आहे."

"मलाही काही होत नव्हतं."

"अगं, त्या सिस्टरचे गाऊन आपल्याकडे धुवायला येतात. तिथली अर्धी माणसं आपली गिऱ्हाईकं. उद्या गावभर होईल. आणि आईला काय सांगू? चादरी मी निवडत नाही, मला कशाला सुई?"

घरात सगळ्यांनी मिळून चादरींवर खापर फोडलं होतं आणि तो त्या खापराआड मजेत बसला होता. पाठ दुखते असं सांगून मी सासूबाईंच्या खोलीत झोपायला लागले. त्या माझी पाठ चोळून द्यायच्या. म्हणायच्या, "हे पोर जगणार, बघ तू. मी आहे ना." मी भिंतीकडे तोंड करून पडायची. पोटात हालचाल व्हायची तेव्हा जिवात जीव यायचा, आणि जरा वेळ नाही झाली की जीव टांगणीला. बोटाने पोट ढोसायची, गार पाणी प्यायची, कुशीवर वळायची. हाललं की डोळ्यांत पाणी. पुन्हा थोड्या वेळाने तेच.

माझ्या सुया पुऱ्या झाल्या आणि एका सकाळी कडक लंगडत खाली आला. जिन्याचा कठडा धरून, दातओठ खात. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाला, गाठोडं उचलताना लचकलं. मग माझ्याजवळून जाताना हळूच बोलला, "घेतली. दुसऱ्या दवाखान्यात, लांबच्या. एकाच सुईत काम झालं म्हणाले. खूश?"

मी खूश झाले. इतकी की घड्या घालता घालता गुणगुणत होते. काही दिवस जाऊ दिले आणि आमच्या खोलीत परत गेले. मला जायचंच होतं, ते कशाला लपवू? नवरा होता माझा, आणि मला वाटलं, भ्याला होता, पण शेवटी केलंन.

सातव्या महिन्यात सिस्टरने पुन्हा रक्त घेतलं. आणि पुन्हा दार लावलं.

"रक्तातल्या आजाराचा आकडा उतरायला हवा होता," ती म्हणाली. "पहिल्यापेक्षा चढलाय. पुष्कळ चढलाय. तुम्हाला पुन्हा लागण झालीय. मिस्टरांनी सुई घेतली होती का?"

"घेतली होती. लंगडत होता ना."

"कुठे घेतली? चिठ्ठी, काही?"

डोळ्यांसमोर तो जिना आला, तो कठडा आला. सकाळी तो डावा पाय ओढत होता. आणि संध्याकाळी दुकान बंद करताना? संध्याकाळी उजवा. मी ते पाहिलं होतं आणि कानाडोळा केला होता, कारण मला ते खरं हवं होतं.

"सिस्टर, बाळ?" मी विचारलं.

तिने पोटावर यंत्र ठेवलं. ठोके ऐकू आले, घाईघाईने पळत असल्यासारखे. "आत्ता ठीक आहे," ती म्हणाली. "सुया पहिल्यापासून. आजच सुरू करू. बाळंतपणाच्या चांगलं आधी पुऱ्या झाल्या तरच बाळाला उपयोग. अजून वेळ आहे, पण पुन्हा चुकायला वेळ नाही. त्यांना आणा. कसंही करून आणा."

"आत्ता नको," मी म्हटलं. "तासाभरात येते. त्याला घेऊनच येते, दोघांना एकदमच द्या."

वाटेत मी पळत होते का चालत होते, सांगता येणार नाही. पोटाखाली दोन्ही हात धरले होते, जणू कुणी ते हिसकावून घेणार होतं.

तो रोलरवर चादरी सरकवत होता. वाफेत उभा, कॉलर ताठ. मी मशीनचं बटण बंद केलं.

"कुठल्या पायाला टोचली होती रे सुई?"

त्याला प्रश्न कळला. त्याचा चेहरा पिळून काढल्यासारखा झाला. "मी गेलो होतो," तो म्हणाला. "खरंच. दारापर्यंत गेलो. आत ओळखीचा माणूस बसला होता. मग परत आलो."

"आणि लंगडलास."

"मला वाटलं, तू सुया घेतल्यास म्हणजे झालं. एकदाच झालं होतं गं ते. कपडे पोचवायला गेलो होतो, मुक्काम पडला. एकदाच. मी घाबरलो."

"आता चल. रडायचं ते तिथे रड."

"आईला काय सांगू?"

"खरं सांग."

"तू सांगशील?" तो एकदम ताठ झाला. "जा, सांग. सांग तिला, बाबांनीच तिची दोन..." आणि तिथेच जीभ चावून थांबला.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून त्यानेही तेच गणित घातलं होतं जे मी घातलं होतं. फरक इतकाच की मी सासूबाईंना जपत होते आणि तो त्यांच्या दुःखामागे लपत होता. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. हातात जे असतं ते फेकलं असतं, पण हातात पोट होतं.

मी वळले आणि पिवळी रेघ ओलांडली.

"अगं, अगं!" सासूबाई टेबलावरून ओरडल्या. "मागे हो! मळकी बाजू आहे. तुला किती वेळा सांगितलं?"

"आई, चादरीतून येत नाही."

"कोण म्हणतं?"

"सिस्टर म्हणते."

"तिने धुतल्यात का कधी चादरी? मी धुतल्यात. मला शिकवते." त्यांनी चादर उचलली, उजेडाला धरली, बाजूला टाकली. "तू आधी पलीकडे जा बघू."

"आई, हा आजार आधी तुमच्या मुलाला झाला. त्याच्याकडून मला, माझ्याकडून बाळाला. माझं औषध झालं होतं, पण त्याने घेतलंच नाही. खोटं लंगडला. मला परत झालाय. आता त्याने घेतलं नाही तर हे पोर जाईल."

"त्याला कसा होईल?" त्यांना माझं बोलणं नीट लागत नव्हतं, दिसत होतं. "तो तर स्वच्छ... मी दोनदा उकळून..."

"त्याला जखम झाली होती. मागच्या वर्षी. मला म्हणाला, सोड्याने भाजलं."

सासूबाईंचे हात थांबले.

"काय म्हणाला?"

"सोड्याने. पँटवर सांडला म्हणाला. पण दुखत नव्हतं."

हंड्यांत पाणी खदखदत होतं, तेवढाच आवाज. सासूबाईंनी हळूहळू हात एप्रनला पुसले. एक हात पुसला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"तेही हेच म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "सोड्याने भाजलं. मी विचारलंसुद्धा, दुखत कसं नाही म्हणून. मलमसुद्धा मीच आणून दिलं."

त्यांनी टेबलावरची चादर बाजूला सारली.

"मग माझी दोन?"

तेव्हा मला खोटं बोलता आलं असतं. कुणी सांगावं, आई, वेगळं काहीतरी असेल. तसं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, कारण त्यांना तो ठेवायचाच होता. माझ्या पोटात त्या वेळी पाय फिरला.

"हो, आई," मी म्हटलं.

या बाईने मला मुलीसारखं वागवलं आणि मी तिच्या काळजात सुरी घातली, असं वाटलं. ती कोसळेल म्हणून मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. ती हंड्यांपाशी गेली, एकाखालचा गॅस बंद केला, दुसऱ्याखालचा बंद केला. मग तसाच मळका एप्रन अंगावर ठेवून पिवळी रेघ ओलांडून रोलरकडे चालू लागली. घड्या घालणाऱ्या बायकांचे हात हवेतच राहिले.

"आई, एप्रन!" कडक म्हणाला. दुसरं काही सुचलंच नसावं.

सासूबाईंनी त्याची कॉलर धरली. ओल्या, सोललेल्या हाताने, मुठीत. "चल."

"कुठे?"

"सुई घ्यायला."

"आई, हळू बोल. सगळे बघतायत."

"बघू देत. मेलेल्या पोराला बघायला येण्यापेक्षा आत्ता बघू देत." त्यांचा आवाज चिरकला. "तुझ्या बापाला कुणी धरून नेलं नाही. मी नेलं असतं. मला माहीत असतं तर खेचत नेलं असतं रे!"

तो त्यांच्यापेक्षा डोक्याने उंच, पण कॉलर सोडवायला त्याने हात उचलला नाही. रस्त्यातून आम्ही तसेच गेलो. पुढे त्या, मागे वाकलेला तो, त्यांच्या पाठी धापा टाकत मी. चहावाल्याने "काय झालं हो?" विचारलं. "काम आहे," सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

सिस्टरने आमच्याकडे पाहिलं, मुठीतल्या कॉलरकडे पाहिलं. "त्यांना सोडा, मावशी. आता पळायचे नाहीत ते," म्हणाली. मग त्याला एकट्याला आत नेलं, बरंच विचारलं असावं, बराच वेळ लागला. नंतर मला टोचलं. मी पालथ्या हाताने डोळे पुसत बाहेर आले तर तो बाकाशी उभा होता, एका पायावर भार देऊन. बसवत नव्हतं त्याला. या खेपेला पाय बदलत नव्हता.

"आजपासून मोजायचं," सिस्टर त्याला म्हणाली. "तुमच्याही उरलेल्या दोन, यांच्याही. एकही चुकवायची नाही, आणि तोवर लांब राहायचं. बाळ झाल्यावर त्याला तपासू, लागलंच तर त्यालाही औषध देऊ. पण आता आशा धरायला हरकत नाही."

तो मान हलवत होता. माझ्याकडे बघायचं धाडस करत नव्हता, आणि मीही त्याच्याकडे बघायला तयार नव्हते. ते पुढचं पुढे.

सासूबाई एवढा वेळ बाकावर बसल्या होत्या. त्या उठल्या, सिस्टरसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि बाही वर सारली. "माझं घ्या," म्हणाल्या.

"तुमचं?" सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती समजली असावी, कारण पुढे काही न विचारता तिने दंडाला पट्टा बांधला. शीर लवकर सापडेना. सापडली, रक्त आलं. बाटलीला चिकटवायला माहिती लागते म्हणून तिने नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. वय विचारलं, आजार विचारले.

"बाळंतपणं किती, मावशी?"

"तीन."

"सगळी नीट?"

"मुलगी झाली, ती पोटातच गेलेली. काळेभोर केस होते तिला. मग मुलगा, त्याने माझं बोट धरलं होतं. मग हा."

घरात आजवर कायम 'माझी दोन' एवढंच ऐकलं होतं. मुलगी होती, मुलगा होता, हे मला माहीत नव्हतं, आणि कडकच्या तोंडाकडे पाहिल्यावर कळलं की त्यालाही नव्हतं. तो बाकावर टेकायला गेला, कळ लागली तसा पुन्हा उभा राहिला, भिंतीला धरून.

"पहिली दोन कशाने गेली?" सिस्टरने हळू विचारलं.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घालायच्या आत पाहिलं, आणि नजर काढली नाही.

"बापाने सुई घेतली नाही म्हणून," त्या म्हणाल्या.